थोरलीचं सुतक

थोरलीला खोटं सांगायचं नसतं, हे हिरेल गावात दुधाचे दात न पडलेलं पोरही जाणतं. रोज सकाळी तिला चुलीजवळच्या कोनाड्यातून खाली घ्यायचं, पातं ताकाच्या निवळीनं पुसायचं आणि घरातल्या कुणीतरी तिला आदल्या दिवसाची हकिकत सांगायची. कोण आलं, कोण गेलं, कुणाची बकरी व्याली, कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं. कुऱ्हाडच ती, पण जागी कुऱ्हाड. जागं हत्यार ऐकलेल्या हकिकतीवर जगतं. सांगायचं राहिलं तर रुसतं, आणि खोटं सांगितलं तर पुढं काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तसला आगाऊपणा आजवर कुणी केलाच नव्हता.

मोरवा चाळीस दिवस तिला खोटं सांगत होती.

"तुझा धनी बर्फापलीकडं गेलाय, राखाड्यांची धाड येईल म्हणून मदत मागायला," ती पातं पुसता पुसता म्हणायची. "येईल दोन-चार दिवसांत."

गावालाही तिनं हेच सांगितलं होतं, आणि सिवेनलाही, पोटच्या पोरीला. तागिर थोरलीला घरी ठेवून गेला यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वेस्मा नदीचा आवाज ऐकू येईनासा झाला की थोरली जागची हलत नाही, मग ती घाटावर नेणार कोण? खरं काय ते एकट्या मोरवाला ठाऊक होतं. तागिर वरच्या कुरणाजवळ, घळीत, दगडांखाली होता. ते दगड तिनंच एकेक करून रचले होते.

दोघं मेंढ्या उतरवायला गेले होते. वरून दरड सुटली. मोरवानं बेंबीच्या देठापासून हाका मारल्या, पण तागिर आपला खाली वाकून मेंढीच्या पायातला काटा काढत राहिला. त्याला ऐकूच येत नव्हतं. थोरलीचा पहिला घाव पाण्यावर पडला की घालणाऱ्याचे कान जातात, कायमचे. त्यानंतर त्याला ऐकू येते ती फक्त नदी. बारा वर्षांपूर्वी तागिरनं नदी ओलांडायच्या उतारातल्या दगडावर उभं राहून तो घाव घातला, वेस्मा उभी राहिली आणि लुटायला आलेल्या चाळीस राखाड्यांना घेऊन पलीकडच्या काठावर आदळली. गावानं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. तेव्हा सिवेन पाच वर्षांची होती. पुढं वर्षभर ती पोर त्याच्या पाठीमागं उभी राहून "बाबा, बाबा" करत राहायची, आणि मग कधीतरी सदऱ्याचं टोक ओढायला शिकली.

आणि थोरली रक्तानं जाते. तागिरनंतर सिवेन. मोरवा खालच्या खोऱ्यातून लग्न होऊन आलेली, तिचा त्यात काही संबंध नाही. घळीत शेवटचा दगड ठेवताना मोरवानं ठरवलं की तागिर मेल्याचं त्या कुऱ्हाडीला कळूच द्यायचं नाही. धनी जिवंत आहे तोवर ती दुसरा धनी मागणार नाही. इतका साधा हिशेब होता तिचा. माणूस दुःखात असला की असले हिशेब फार चोख वाटतात.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी राखाडे आले.

तीनशे तरी असतील. अंगाला राख फासलेले, हातात लांब बरच्या, बरोबर रिकामी पोती. पोती पाहून गावाच्या तोंडचं पाणी पळालं. मागं घाट बर्फानं बुजलेला, पुढं नदी, आणि नदीला उतार एकच. लढायच्या वयाचे मोजून तीस जण. जागी हत्यारं एके काळी तीन होती. धाकटी, म्हणजे गोफण, पुरात धन्यासकट वाहून गेली. मधला म्हणजे धनुष्य, ते ओबर आजाच्या हातात फुटलं. राहिली थोरली.

सगळं गाव मोरवाच्या अंगणात जमलं. ओबर आजा काठी टेकत पुढं आला. त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती.

"तागिर नाही तर नाही," तो म्हणाला. "धनी लांब असला तर त्याच्या घरच्यानं त्याच्या नावानं हत्यार उचलावं, एकदा चालतं ते. पोरीला नको, कोवळी आहे ती. मोरवा, तू उचल. दुसऱ्याच्या नावानं मारलेल्या घावानं कान जात नाहीत."

"मोरवाकाकी नुसती करवादली तरी नदी उठून बसंल!" मागून कुणीतरी म्हणालं आणि अख्खं अंगण हसलं. भेदरलेली माणसं हसतात तसं, गरजेपेक्षा जास्त. एका बाईनं पुढं होऊन मोरवाच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. एकट्या मोरवानं पाऊल मागं घेतलं.

कारण मधला कसा फुटला ते तिला माहीत होतं. ओबरनं तो भावाच्या नावानं ओढला होता, आणि भाऊ त्याच पहाटे पलीकडच्या गावी तापानं गेला होता. ओबरला काय माहीत? मेलेल्याच्या नावानं जागं हत्यार चालवलं की ते फुटतं. आजाची तीन बोटं त्यातच गेली.

"आजा, माझ्यानं नाही व्हायचं."

"भ्यालीस होय गं? अगं, तागिर जिता आहे तोवर—"

"जिता नाहीये तो."

सिवेन उंबऱ्यात बसून थोरलीचं पातं पुसत होती. तिनं हातातलं निवळीचं भांडं खाली ठेवलं, थेंब न सांडता.

"कधीपासून?"

"चाळीस दिवस झाले." मोरवाचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "घळीत दरड आली. मी हाका मारल्या गं. खूप हाका मारल्या."

पोरीच्या मांडीवर थोरली होती. तिनंही ते ऐकलं. पात्यावरची लकाकी बघता बघता विझली, लोखंड काळं पडलं, आणि सिवेननं भाजल्यासारखा हात मागं घेतला. भाजली नव्हती ती, गारठली होती.

ओबर आजा मटकन खाली बसला. "गेली सुतकात," तो म्हणाला. "पाच दिवस. पाच दिवस आता हिला नि खुरप्याला एकच किंमत. बाई, त्याच दिवशी सांगितलं असतंस तर सुतक फिटून महिना झाला असता! पोरीला दोन गोष्टी शिकवून तयार केली असती! एका पोरीचे कान वाचवायला निघालीस आणि अख्ख्या गावाचे गळे कापायला दिलेस!"

आईच्या मायेचं आपल्याकडं फार कौतुक. त्या सकाळी अंगणात ते एकालाही सुचलं नाही, आणि मी तिथं असतो तर मलाही सुचलं नसतं. मोरवानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आजाचा शब्द न् शब्द खरा होता. मग ती घरात गेली आणि तागिरचा अस्वलाच्या कातड्याचा झगा अंगावर चढवून बाहेर आली, टोपी नाकापर्यंत ओढून. उंचीला ती तागिरएवढीच होती.

"त्यांना कुठं माहीत आहे, कुऱ्हाड झोपलीय ते?" ती म्हणाली. "तागिर उभा राहायचा तशी मी दगडावर उभी राहते. पाच दिवस."

"सुतकातलं हत्यार उचलायचं नसतं," आजा म्हणाला. "रोज जड होत जातं ते. आणि एक ध्यानात ठेव. सुतक फिटताना ते ज्याच्या हातात असतं, त्यानंच नव्या धन्याचं नाव सांगायचं. मनापासून. दुसऱ्या कुणी सांगून चालत नाही."

मोरवानं थोरली खांद्यावर घेतली आणि ती नदीकडं चालू लागली. सिवेन भिंतीकडं तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

उताराचा दगड नदीच्या ऐन मध्यावर आहे. आपल्या बाजूला पाणी मांडीइतकं, पलीकडं कमरेइतकं. मोरवा तिथं चढून उभी राहिली तसे पलीकडच्या काठावरचे राखाडे दहा पावलं मागं सरले. त्यांच्यात बारा वर्षांपूर्वीचे बरेच होते. राखाडे दिवस मावळल्यावर पाण्याला शिवत नाहीत, एवढी एक देवाची कृपा. म्हणजे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उभं राहायचं आणि रात्री काठावरच्या झोपडीत अंग टाकायचं. कुऱ्हाड मात्र खांद्यावरच हवी. तागिर ती कधी खाली टेकवत नसे.

सुतक असलं तरी हकिकत सांगावीच लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी सिवेन पाण्यातून चालत आली. एका हातात सातूची भाकरी आणि सुक्या मासळीचा तुकडा होता. तिनं ते दगडावर ठेवलं, आईकडं बघितलंसुद्धा नाही, आणि खांद्यावरच्या काळ्या पात्याशी बोलू लागली.

"थोरले, मी सिवेन. तुझा धनी गेला. माझ्या आईनं तुला फसवलं आणि मलाही फसवलं. मी रोज त्याच्या वाटणीची एक भाकरी जास्त थापत होते. आल्यावर भूक लागलेली असेल म्हणून. ती भाकरी ही बाई रोज निमूटपणे बकरीला घालत होती. एवढंच."

आणि ती गेली. मोरवाला वाटलं, याच्यापेक्षा पोरीनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

राखाड्यांना तागिर बहिरा असल्याचं ठाऊक होतं. पण हा तागिरच का, याची त्यांना खात्री नव्हती. मग त्यांनी खात्री करायला सुरुवात केली.

"ए अस्वला!" एक जण ओरडला. "बायकोनं घरातून हाकललं का रे? की तीच उभी आहे तिथं, नि तू चुलीपुढं?"

सगळे खो खो हसले. मोरवानं मान हलवली नाही. मग त्यांनी अचानक ढोल बडवला. मग शिव्या, त्याही अशा की ऐकून दगडाला घाम फुटावा. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकानं खालच्या वळणावर लपून बुडणाऱ्या पोराचा आवाज काढला. "आई! आई गं!" हुबेहूब. मोरवाचा सगळा जीव त्या बाजूला ओढला गेला. तिनं दात इतके आवळले की एकाचा टवका उडाला. दिवसभर तिला हाका येत होत्या आणि दिवसभर ती एकीलाही ओ देत नव्हती. तागिर बारा वर्षं असा कसा राहिला, हे तिला कळेना. तिनं त्याला कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं तरी कसं, म्हणून राहून गेलं होतं.

थोरली पहिल्या दिवशी कडेवरच्या पोराएवढी जड होती. तिसऱ्या दिवशी जात्याच्या तळीएवढी झाली. खांद्याची कातडी सोलून झगा आतून चिकटला. रात्री झोपडीत ओबर आजा तो सोडवायचा, जखमेवर चरबी लावायचा, पण एका शब्दानं बोलायचा नाही. गावात कुणीच तिच्याशी बोलत नव्हतं. तसं ठरलंच होतं म्हणे.

चौथ्या दिवशी दुपारी बाण आला आणि तिच्या डाव्या मांडीत रुतला.

पलीकडचा काठ श्वास रोखून बघत होता. ती वाकली असती, नुसता हात जरी मांडीकडं गेला असता, तर तीनशे जण पाण्यात उतरले असते. मोरवा उभी राहिली. डोळ्यांपुढं काजवे चमकले, तोंडात रक्ताची चव आली, पण ती उभी राहिली. काही वेळानं पलीकडं कुजबुज सुरू झाली आणि पहिली रांग पुन्हा दहा पावलं मागं गेली.

पाचव्या दिवशी उजाडताना ओबर आजानं तिला हाताला धरून दगडावर चढवलं. काडी मोडून काढली होती, पण बाणाचं फळ मांडीतच होतं. दिवस कासराभर वर आला तेव्हा सिवेन आली. आज तिच्या हातात भाकरीबरोबर फडकं होतं. दगडाच्या आडोशाला वाकून तिनं ते आईच्या मांडीला आवळून बांधलं आणि बोलू लागली, पात्याकडं बघतच.

"थोरले, काल हिच्या मांडीत बाण लागला. ही हलली नाही. गावानं काठावरून बघितलं. आजा रडला. मला अजून राग आहे. तो जाणार पण नाही इतक्यात. पण..." ती थांबली. "पण काल रात्री मी झोपडीच्या दाराशी बसून होते. हिला माहीत नाही. ही झोपेत बाबाला हाका मारत होती. एवढंच."

मोरवाला काहीतरी बोलायचं होतं. पाच दिवस तिनं मनात नुसती वाक्यं जुळवली होती. तेवढ्यात तिचा डावा गुडघा आपोआप दुमडला.

क्षणभरच. तिनं लगेच स्वतःला सावरलं. पण टोपी मागं सरकली, आणि पिकायला लागलेली लांब वेणी उन्हात खाली पडली.

"बाई आहे! बाई आहे ती!"

पलीकडचा काठ ओरडत पाण्यात घुसला. बरच्या वर धरून, खांद्याला खांदा लावून, कमरेइतक्या पाण्यातून. आपल्या काठावर बायका किंचाळल्या. तीस जण लाकडं आणि कोयते घेऊन धावले, पण ते काय पुरणार होते? आणि नेमकी त्याच वेळी थोरली हलकी झाली. इतकी अचानक, की मोरवाचा हात वर उडाला. सुतक फिटलं होतं. लोखंड अजून थंड होतं, काळं होतं. ते नावाची वाट बघत होतं.

मोरवानं पुढचामागचा विचार न करता ओठ पात्याला लावले.

"मोरवा," ती म्हणाली. "मोरवा. मी. मला घे. रक्ताचं काय घेऊन बसलीस, पाच दिवस माझंच रक्त प्यालीस ना? मला घे गं बाई, पाया पडते."

पातं थंडच राहिलं. तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा. राखाडे निम्म्या नदीत आले होते. त्यांच्या दाढ्यांतली राख पाण्यानं ओघळताना दिसत होती.

"आई," सिवेन म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा. "माझं नाव सांग."

"नाही."

"ते पहिल्यांदा कुणाला मारणार? मला आणि तुलाच. दगडावर आपणच आहोत. सांग ना गं!"

मोरवानं लेकीकडं बघितलं. सतरा वर्षांची पोर, ओल्या सदऱ्यात कुडकुडतेय. हिला कानात बोललेलं आवडायचं. लहानपणी गोष्ट सांगायची तर कानातच सांगावी लागायची.

"सिवेन," तिनं पात्याला सांगितलं. नुसतं सांगून भागलं नाही. आजा म्हणाला होता, मनापासून. म्हणून तिनं पुन्हा एकदा सांगितलं आणि या वेळी आपलं सगळं मन त्यात ओतलं, जसं ते नाव पहिल्यांदा बाळाच्या कानात सांगितलं होतं तसं. "सिवेन. माझी सिवेन."

थोरली उजळली. मोरवाचा तळवा भाजला. पण पाच दिवस दांड्याभोवती आवळलेली बोटं उघडेनात, आणि ती दुखण्यानं उघडत नव्हती की दुसऱ्या कशानं, ते मी सांगत नाही. सिवेननंच ती एकेक करून सोडवली.

"बोल काय बोलायचंय ते," ती म्हणाली. "लवकर. मग ऐकू येणार नाही."

आणि बघा, पाच दिवस जुळवलेल्यातलं एकही वाक्य मोरवाच्या तोंडात आलं नाही.

"डावा पाय पुढं घे," ती म्हणाली. "दगड निसरडा आहे. पडशील."

सिवेननं मान डोलावली. डावा पाय पुढं घेतला. दोन्ही हातांनी थोरली डोक्यावर नेली आणि पाण्यावर घाव घातला.

वेस्मा उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या राखाड्यांना वर बघायलाही उसंत मिळाली नाही. पाण्याची भिंत त्यांच्या बरच्या, पोती, माणसं असं सगळं उचलून पलीकडच्या कातळावर आदळली, आणि मागं राहिलेले हत्यारं टाकून रानात पळत सुटले. मोरवा दगडावर पालथी पडली होती, बोटं खाचेत रुतवून. पाणी अंगावरून निघून गेलं तेव्हा तिनं मान वर केली.

सिवेन उभी होती. निथळत होती, पण उभी होती.

काठावर अख्खं गाव बेभान झालं होतं. माणसं पाण्यात उड्या घेत होती, बायका परातींवर काठ्या बडवत होत्या, ओबर आजा दोन बोटांचा हात वर करून लहान पोरासारखा भोकाड पसरून रडत होता. "सिवेन! सिवेन!" असा एकच कल्ला चालला होता.

सिवेननं काठाकडं बघितलं. मग आईकडं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"आई," ती म्हणाली. केवढ्यांदा म्हणाली! "सगळे गप्प का झाले गं?"

"नाही गं राणी," मोरवा म्हणाली, "ओरडतायत. तुझ्याच नावानं ओरडतायत." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. मग ती गुडघ्यावर सरकत लेकीजवळ गेली, तिच्या सदऱ्याचं टोक धरून तिला आपल्याकडं वळवलं आणि तेच पुन्हा सांगू लागली, ओठ हळूहळू हलवत, आणि सिवेन त्या ओठांकडं बघत राहिली.